व्हिसाच्या आधीची पाठवणी

नाशिकला द्वारकेच्या चौकात माझा फोटो लागलाय हे मला रिक्षावाल्यानं सांगितलं. मी दुरुस्त करून आणलेलं रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन मागे बसले होते. रिक्षा सिग्नलला थांबली. त्यानं आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान बाहेर काढून वर पाहिलं, आणि म्हणाला, "मॅडम, ह्या तुम्हीच ना?"

विजेच्या खांबाला बांधलेल्या भल्यामोठ्या फलकावर मीच होते. स्थळं पाहायची म्हणून काढलेला गुलाबी साडीतला फोटो, आणि गळ्यात कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेला स्टेथोस्कोप. शेजारी माझ्या दुप्पट आकाराचे माझे काका, हात जोडून. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : आमच्या लाडक्या डॉक्टर कन्या अमेरिकेत कायमस्वरूपी स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मला दरदरून घाम फुटला. रिक्षावाला मात्र खूश होता, अमेरिकेला जाणारं माणूस त्याच्या रिक्षात पहिल्यांदाच बसलं होतं.

माझी व्हिसाची मुलाखत अजून व्हायची होती. ती पुढच्या आठवड्यात होती.

ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. एमबीबीएस होऊन मी इंदिरानगरात दवाखाना चालवत होते. त्याच त्या खोकल्याची, त्याच त्या तापाची औषधं लिहून लिहून माझ्या लक्षात आलं होतं, की आजार माझ्या टेबलापर्यंत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो वस्तीत, पाण्यात, कामाच्या जागी सुरू होतो, आणि तिथं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. आता उरला होता व्हिसा.

गंगापूर रोडला एक सर मुलाखतीची तयारी करून घेत. ते स्वतः कधी अमेरिकेला गेले नव्हते, पण तिथल्या अधिकाऱ्याच्या मनात काय चालतं ते त्यांना तंतोतंत ठाऊक असल्यासारखं बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "डॉक्टरांचं अवघड असतं. पोरं शिकायला चाललीत हे त्यांना पटतं. डॉक्टर तर शिकून बसलेला. तो पुन्हा कशाला शिकायला निघाला? तिकडेच राहायला. असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. तुम्ही परत येणार हे त्यांना पटलं तर व्हिसा, नाही पटलं तर रामराम."

यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि ते खरं होतं. माझा दवाखाना होता, त्याचा गाळा वडिलांचा होता, माझे पेशंट होते. मी जाईन ती दोन वर्षं माझी एक वर्गमैत्रीण तिथं बसणार होती, मी आले की खुर्ची मला परत मिळणार होती. सर म्हणाले, "झकास. यावरच जोर द्या."

त्याच सरांना मी त्या संध्याकाळी फलकाबद्दल सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "कायमस्वरूपी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "अहो, हे म्हणजे लग्नाआधी बारशाची पत्रिका वाटल्यासारखं झालं," ते म्हणाले.

काकांवर मी तोंडसुख घ्यायचं ठरवूनच घरी गेले. आमचं घर मखमलाबादच्या वाटेवर, मळ्यातच. गुलाब, शेवंती, झेंडू आणि कडेनं थोडा भाजीपाला. काका ओट्यावर बसून कौतुकाची वाट पाहत होते.

"काका, ते कायमस्वरूपी कुणी लिहायला सांगितलं?"

"मीच. का गं? नुसतं शिकायला चालली म्हटलं तर लोक म्हणतील, अजून पास नाय झाली का. कायमस्वरूपी म्हटलं का वजन येतं."

"मला अजून व्हिसा मिळालेला नाही!"

"मिळंल की. तू डॉक्टर हाय, चोर थोडीच हाय."

मी फलक उतरवायला सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा एवढासा झाला. घरातल्या सगळ्यांनाच मी कृतघ्न वाटले. आमच्याकडे कुणी पोलीस भरतीच्या परीक्षेला बसला तरी निकालाआधी हार तयार असतो. फुलं घरची, हार करायला हात घरचे, मग थांबायचं कशाला? मुलाखतीच्या आधीच काकूनं माझी खणानारळानं ओटी भरली होती आणि डोळ्यांना पदर लावला होता. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. आता वाटेनासं झालं.

दवाखान्यात तर वेगळंच चाललं होतं. पेशंट येत होते, पण औषधाला नाही, निरोप घ्यायला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मधुमेहासाठी माझ्याकडे येत. ते म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला लागलोय. आत्तापासून सवय केलेली बरी." मी म्हटलं, "काका, मी दोन वर्षांत परत येणार आहे." ते हसले. लहान मूल मी मोठेपणी विमान चालवणार म्हणालं की आपण हसतो तसं. ते गृहस्थ आता पुन्हा माझ्याकडेच तपासायला येतात आणि त्या हसण्यावरून मी त्यांना अजून छळते. पण त्या दिवशी मला रडू आलं. जो येई त्याला मी परत येणार म्हणून सांगत होते आणि जो तो तसाच हसत होता.

सरांनी घरी सराव करायला सांगितलं होतं. समोर कुणालाही बसवा, म्हणाले, फक्त तुम्ही उभ्या राहा आणि मध्ये खिडकी असू द्या, तिथं काचेपलीकडून बोलतात. म्हणून आमच्या पडवीच्या गजांच्या खिडकीत वडील आतून बसत आणि मी अंगणात उभी राही, कागदांची फाईल छातीशी धरून. वडील सातवी शिकलेले. पहाटे फूलबाजार उरकून येत, जेवत, आणि दुपारी अमेरिकेचे अधिकारी होत. हे काम त्यांनी फार मनावर घेतलं होतं. टोपीसुद्धा काढून ठेवत, कारण साहेब टोपी घालत नाही.

"हं. कशापायी चालल्या?"

मी सांगे. ते ऐकून घेत.

"तिथं खानार काय?"

"आण्णा, असं विचारत नाहीत."

"मी विचारतो. मी साहेब हाय."

आई आतून हसायची. तसे दोन-तीन दिवस फार मजेत गेले. ते खोचक प्रश्न शोधून आणत. लग्न का नाय केलं? आजारी पडल्या तर डॉक्टरला डॉक्टर कोण? माझी इंग्रजी उत्तरं त्यांना कळत नसत म्हणून मी आधी मराठीत सांगे, मग इंग्रजीत म्हणून दाखवी. इंग्रजी ऐकताना ते माझ्या तोंडाकडे बघत राहत आणि शेवटी "बराबर" म्हणत.

फलकाच्या दुसऱ्या दिवशी मी चिडलेलीच उभी राहिले. त्यांनी विचारलं, "परत येनार का?"

"येणार," मी म्हटलं. "माझा नाशिकला दवाखाना आहे. मी नसताना माझी मैत्रीण तो सांभाळणार आहे. आल्यावर मी तिथंच बसणार."

वडील खिडकीतून, साहेबाच्याच आवाजात, म्हणाले, "पन तो गाळा तर दिला."

मला वाटलं, हाही एक खोचक प्रश्न. मी म्हटलं, "असं नाही विचारणार हो ते."

"विचारत नाय. सांगतोय. गाळा तुझ्या चुलतभावाला दिला. मोबाईलचं दुकान टाकतोय तो. तुझ्या मैत्रिनीला मी निरोप धाडलाय, दुसरीकडं बघा म्हनून."

आईचं हसणं थांबलं होतं, म्हणजे तिलाही माहीत होतं. मी अंगणात उन्हात उभी होते. इतका मोठा धक्का मला त्याआधी कधी बसला नव्हता. शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये पहिलं प्रेत पाहिलं तेव्हाही मी उभी राहिले होते, त्या दिवशी मात्र मी फाईल खाली टाकून जमिनीवर बसले.

"मला न विचारता?"

"काय विचारायचं? रिकामा ठेवून काय करू? तू थोडीच येनार हाय."

"मी रोज तुम्हाला काय सांगतेय या खिडकीत?"

"ते साहेबाला सांगायचं असतंय ना," वडील म्हणाले. "आपल्या भागातनं जे जे गेले त्यातला कोन आला? कोनाचंच घर उघडलं नाय पुन्हा. आशा ठेवली का मानूस झुरतं. मी तुझी पाठवनी करून टाकली मनातल्या मनात. आता तू खुशाल जा."

रोज ते "बराबर" म्हणत होते ते माझ्या उत्तराला नव्हतं, माझ्या पाठांतराला होतं. माझ्या बापाला वाटत होतं की मी खोटं बोलायचा सराव करतेय आणि मुलीला ते नीट जमावं म्हणून ते जीव तोडून मदत करत होते. याचा मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी मुंबईला जाईपर्यंत बोलले नाही. सरांना गाळ्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यांना कुठं कळणार आहे? दवाखाना आहे असंच सांगा."

म्हणजे शेवटी खोटंच बोला. माझं एकमेव खरं उत्तर घरच्यांनी कौतुकापोटी खोटं करून टाकलं होतं, आणि त्याच कौतुकाचा हार माझ्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून तयार होता.

मुंबईला वकिलातीत मी उभी राहिले तेव्हा खिडकीपलीकडचा अधिकारी माझ्याच वयाचा निघाला. त्यानं विद्यापीठ विचारलं, विषय विचारला, डॉक्टर असून हे का शिकायचंय ते विचारलं. हे सगळं मी घडाघडा सांगितलं. मग त्यानं विचारलं, तुम्ही इकडे आल्यावर तुमचे पेशंट कोण बघणार?

सरांनी शिकवलेलं वाक्य जिभेवर होतं. ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, गेल्या आठवड्यापर्यंत माझा दवाखाना होता, आता नाही. घरच्यांनी जागा दुसऱ्याला दिली, कारण मी परत येईन असं त्यांना वाटत नाही.

तो टाइप करायचा थांबला. त्यांना तसं का वाटतं, त्यानं विचारलं.

कारण आमच्याकडून गेलेलं कुणीच परत आलेलं नाही, मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खिडकीपाशी उभे असलेले लोक बघायला लागले होते. मला मात्र यावंच लागेल, मी म्हटलं. माझ्या वडिलांना खोटं पाडायचंय. शिवाय तो गाळाही परत घ्यायचाय.

हे ऐकलं असतं तर सरांना चक्करच आली असती. अधिकाऱ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. तो हसला नाही. त्या पंधरवड्यात मी परत येणार हे ऐकून न हसलेला तो पहिलाच माणूस. त्यानं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. मी तिथंच गोठून उभी राहिले, मागच्या बाईंना मला बाजूला व्हा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. काकांनी हार घातला, पेढे वाटले, शेजारपाजारचे येऊन गेले. वडील गोठ्याच्या सावलीत फुलांच्या पाट्यांवर पाणी शिंपडत बसले होते. गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. अबोला मीच धरला होता, तो मीच सोडायला हवा होता.

"काय काय विचारलं?" त्यांनी विचारलं. आपले कुठले प्रश्न आले हे त्यांना बघायचं होतं.

"परत येणार का, तेच."

"मग तू काय सांगितलं?"

"येणार म्हणून सांगितलं."

त्यांचा पाण्यातला हात थांबला. "आन् त्यानं खरं मानलं?"

"हो."

वडिलांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. समुद्रापलीकडच्या त्या परक्या पोराची त्यांना मनापासून कीव आली होती.

"बिचारा," ते म्हणाले, आणि पुन्हा फुलांवर पाणी शिंपडू लागले.