हिराबाईला झोप कशी लागते?

"बायोप्सी पॉझिटिव्ह आली आहे," डॉक्टर म्हणाल्या. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. आणि पॉझिटिव्ह म्हटलं तरी त्यात आनंदाचं काही नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, "गणपतीला गावी जाता येईल ना?"

गणपतीला अजून कितीतरी महिने होते. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "आज फक्त रक्त द्यायचंय," त्या म्हणाल्या.

मी आहेच तशी. भांडुपला शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. पाणी जाणार अशी नुसती अफवा आली तरी बिल्डिंगमध्ये पहिल्या बादल्या माझ्या भरतात. छातीत कॅन्सरची गाठ आहे म्हटल्यावर घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात लेकीचं लग्न, तिचं बाळंतपण आणि माझं तेरावं, सगळं उरकून टाकलं.

आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन असं ठरलं. केमो म्हणजे सलाईनमधून देतात ते जहाल औषध. ते गाठीला मारतं आणि जाता जाता आपल्यालाही चार फटके देतं. औषधाने गाठ लहान होते का, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. झाली तर ऑपरेशन, नाहीतर काय, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. विचार मात्र मी त्याचाच करायचे.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर हिराबाई असायची. माहुलची कोळीण, घाटकोपरच्या बाजारात मासे विकणारी. आजार तोच, औषधही तेच. सुई टोचली की ही बाई घोरायला लागायची!

खरं सांगते, मी तिच्यावर जळायचे. माझे काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आकडे, सारखे खाली जायचे आणि केमो पुढे ढकलली जायची. तिचे कायम झकास. मला मालवणी असून माशाचा वास सहन होईना, पहिल्याच केमोत माझी वाट लागली. ही डब्यातून जवळा-भात आणून माझ्यासमोर चाटूनपुसून खायची. केस दोघींचे गेले, पण तिचं टक्कलही गोल, गुळगुळीत, माझं मात्र खडबडीत. यातही मेली पुढे! सिस्टर तिच्याशी हसून बोलायच्या. मला म्हणायच्या, "ताई, प्रश्न कमी विचारा."

एकदा न राहवून विचारलं, तुला झोप लागते तरी कशी? तर म्हणाली, "डोले मिटाचे गो." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

केमो संपली आणि पेट स्कॅन झाला. रोग कुठे आणि किती उरलाय ते त्यात दिसतं. आम्हा दोघींचे रिपोर्ट एकाच सकाळी होते. ह्यांचे भाऊमामा खास मालवणहून आले होते, गाऱ्हाणं घालायला. आमच्याकडे देवापुढे नुसते हात जोडून भागत नाही. जाणत्याने उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वेटिंग हॉलमध्ये गणपतीची तसबीर दिसताच मामांनी चपला काढल्या.

"हळू हां मामा," हे म्हणाले. मामांना हळू बोलणं ठाऊक नाही. "बा देवा म्हाराजा!" अख्खा हॉल वळला. सिक्युरिटीवाला ओरडायला आला, तोही कणकवलीचा निघाला आणि टोपी काढून उभा राहिला.

मामा विचारत होते आणि मी सांगत होते. गाठ जाऊ दे, ऑपरेशन नीट होऊ दे, पुन्हा उद्भवू नये, लेकीला स्थळ मिळू दे, तिला हा आजार होऊ नये, पुढच्या वर्षी...

मामा मध्येच थांबले. "अगो, देवाक जरा दम खावक दी. आज काय होया ता सांग."

आज? सगळे ताटकळले होते. शेवटी तोंडातून निघालं, "डॉक्टर बोलतील ते शेवटपर्यंत ऐकायची ताकद दे." मामांनी ते देवाच्या कानावर घातलं. "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले आणि सगळ्यात मोठा आवाज हिराबाईचा होता. मला तेही खुपलं. आता माझ्या देवातही वाटा!

आत डॉक्टर म्हणाल्या, "गाठ चांगली आकसली आहे. ऑपरेशन करू." मी शेवटपर्यंत ऐकलं, मग ढसाढसा रडले.

नंतर हिराबाई आत गेली. बाहेर आली आणि तिने फाईल माझ्यापुढे धरली. तिच्या गाठीवर औषधाचा काही परिणाम झाला नव्हता, दुसरं औषध सुरू करायचं होतं. जळण्यासारखं तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं आणि मला कसंनुसं झालं. मी तिचा हात धरला.

"मना तुजा हेवा वाटं गो," ती म्हणाली. "तुज्याकरं फुडच्या सालाची पन कामा हान. मना फुडं बघाचा भेव वाटतं, म्हनून मी झोपतंय."

इतके महिने मी हिच्या भीतीवर जळत होते. मग म्हटलं, तुझ्या नव्या औषधाच्या दिवशी मी येऊन बसेन. ती म्हणाली, डबा आण, पण तुझ्या हातचं बिनमाशाचं नको.

माझं ऑपरेशन झालं. दर तपासणीच्या आधी भीती वाटते, नाही असं नाही. पण आता मी देवाला फक्त त्या दिवसापुरतं मागते. बाकीचं त्याच्यावर टाकते, तो काही पळून जात नाही. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर बाजूच्या खुर्चीवरच्या शांत माणसावर जळण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोला. मी फार उशिरा बोलले. डॉक्टरांचे आणि मामांचे उपकार आहेतच, पण सगळ्यात जास्त तिचे आहेत.

तिचं नवं औषध चालू आहे, गाठ थोडी हलली आहे. मागच्या खेपेला सलाईन लावल्यावर ती झोपलीच नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, पावसाळा सरला की आमच्याकडे बोंबील सुकत घालतात, तेव्हा माहुलला ये, राहायलाच ये.

"तेव्हाचं तेव्हा बघू गं," मी म्हटलं.

बाजूला आमचे हे डबा उघडत होते. ते हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले.