गावकीच्या गंजाची कल्हई

१४ मे १९४३, शुक्रवार, पहाटे साडेपाच वाजता मी मारुतीच्या देवळामागची खोली उघडली. शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न त्या दिवशी गोरज मुहूर्तावर होते. वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच येऊन उतरले होते. दुपारची पंगत मुलीच्या बापाची होती. तिची कढी गावकीच्या मोठ्या गंजात व्हायची होती आणि तो गंज काढून देण्यासाठी मी गेलो होतो.

त्या खोलीत गावाची भांडी असत. तांब्याचे दोन मोठे गंज, लोखंडी कढई, पराती, झारे, बादल्या. आमच्या आजोबांच्या पिढीने ती गावासाठी घेतलेली. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावीत. नियम एकच होता: नेली तशी परत आणावीत, आणि वापरताना कल्हई उडाली तर ती करून मगच आणावीत. किल्ली वडिलांकडे असे. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली.

गंज पालथा होता. तो उताणा करून दाराशी लोटला आणि आत उजेड घेतला. आत कल्हई उरलेली नव्हती. लाल तांबे उघडे पडले होते. काठाखाली हिरवी पुटे चढली होती. तळाशी अर्धगोल ओरखडे होते, एकाशेजारी एक. कोणीतरी तळाला करपलेले खुरप्याने खरवडले होते. खुरपे निंदणासाठी असते. ते कल्हईच्या भांड्यात घालू नये हे आमच्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही.

हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यानंतर हा गंज मी स्वतः नख लावून तपासला होता. तेव्हा कल्हई शाबूत होती. पुढे बहिणीचे यजमान आजारी पडले म्हणून मी काही दिवस पोहरादेवीच्या बाजूला गेलो. किल्ली गुरवाकडे दिली. त्या दिवसांत गंज एकाच घरी गेला होता. गावातल्या सर्वांत मोठ्या जमीनदाराच्या घरी, नातवाच्या बारशाला.

मुलीचा बाप दोन माणसे घेऊन गंज न्यायला आला. आत डोकावून तसाच उभा राहिला.

"दादा, हे तं आतून लाल दिसून राह्यलं."

"यात कढी करू नको. कळकन."

"मंग कशात करू? ताक जमा झालं. आचारी चुलीपाशी बसला हाये."

त्याची तूर त्या साली धुक्याने गेली होती. त्यामुळे वरण नव्हतेच. भातावर घालायला कढी एवढेच होते. लोखंडी कढईत कढी काळी पडते. दुसरा गंज भाताला लागला होता, आणि त्याचीही कल्हई झिजलेली; ताकाला तो चालला नसता. घरोघरच्या पातेल्यांचीही तीच अवस्था होती. लढाई सुरू झाल्यापासून कल्हई महागली, मग मिळेनाशी झाली, आणि बायका ताक मडक्यांत ठेवू लागल्या होत्या. कळकलेली कढी वाढली तर पाहुणे ओकत पडले असते. वाढली नाही तर कोरडा भात वाढला म्हणून मुलीला जन्मभर ऐकावे लागले असते. वरपिता साधा माणूस नव्हता. आदल्या संध्याकाळी चहा कोमट झाला म्हणून त्याने कपबशी परत धाडली होती.

"तू चुली पेटव. गंज मी पाहतो," मी म्हणालो.

गुरव समईत तेल घालत होता. त्याला विचारले, गंज परत आला तेव्हा आत पाहिले होते काय.

"मी काहून पाहू? मी देव पुजतो. भांड्याच्या पोटात डोकावाचं काम तुमचं."

"मी गावात नव्हतो. किल्ली तुह्यापाशी होती."

"किल्ली होती नं. नजर तं तुमी संगं घेऊन गेल्ते."

हे उत्तर त्याला फार आवडले. तो हसला आणि त्याने घंटा वाजवली.

जमीनदार ओट्यावर राखुंडीने दात घासत बसला होता. सकाळची चार माणसे भोवती होतीच.

"भाऊसाहेब, गंजाची कल्हई उडाली. शेवटी तुमच्या घरी होता."

"आमी नेला तवाच उडेल होती."

"मी तपासून ठेवला होता."

"मंग नीट तपासला नसन." त्याने चूळ भरली. "आन उडाली तं उडाली. कल्हईचं कथील येते मलायातून. तिथी जपान बसला. आता मी काय जपान्यायले सांगू, का बाप्पा, आमच्या गंजाले कल्हई कराची हाये, जरासे सरकून बसा?"

ओट्यावरची माणसे हसली.

"मंग आजचा दिवस तुमच्या घरचा गंज द्या."

"घरचं भांडं घराबाहेर जात नाही. बाबांपासून पद्धत हाये."

लढाई त्या वर्षांत सर्वांच्या उपयोगी पडत होती. कुंपण मोडले, लढाई. मास्तर उशिरा आला, लढाई. पूर्वी अशा वेळी लोक नशिबाचे नाव घेत. नशीब निदान ज्याचे त्याचे असे.

मी दमणी जुंपली आणि शेलूबाजार गाठले. तिथला कल्हईवाला आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या फिरणारा. भाता थंड होता आणि तो दुकानापुढे विडी ओढत बसला होता.

"चाचा, आत्ता गाडीत बसा. लग्नाचा गंज हाये."

"बसतो नं. भाता हाये, नवसागर हाये, कापूस हाये. कथील कहाँ हाये? खाली कापूस फिरवून भांडं चमकते काय?"

"मंगरूळपिरात भेटन?"

"मंगरूळपीरवाले मलेच पुसून राह्यले. आखरी कांडी तुमच्याच गावात गेली." विडी विझवून तो तक्रारीच्या सुरात सांगू लागला. "भाऊसाहेबाच्या घरी. बारशाच्या आधी सारे भांडे करून घेतले माह्याकडून. मी बोललो, मालक, घरात इतके चमकते गंज हायेत, मंग खिरीसाठी गावाचा काहून आणता? तं म्हणे, आत्ताच कल्हई केली, घरची कायले घासू?"

मी गाडी परत फिरवली.

साडेअकराच्या सुमारास पुन्हा जमीनदाराच्या दारी उभा राहिलो. या वेळी त्याला ओट्यावरून बाजूला बोलावले. चार माणसांत त्याने पुन्हा जपान काढला असता.

"गावाचा गंज मी मांडवाच्या तोंडाशी उताणा ठेवतो," मी म्हणालो. "वरपक्षानं विचारलं, का पंगत काहून अडली, तं तुमच्या घरचं खुरपं मागून आणतो आन ओरखड्यावर ठेवून दाखवतो."

त्याने आवाज खाली आणला. "शेजारचा माणूस असं बोलते काय?"

"घरचा गंज द्या. मंग मी कोणापाशी तोंड उघडत नाही."

त्याने गंज दिला. त्या वेळी मला एवढेच दिसत होते की चूल पेटलेली आहे आणि ताक आंबत चालले आहे. सौदा पुरता पाहायला उसंत नव्हती.

गंज मागच्या गल्लीने चार पावलांत मांडवात गेला असता. त्याने तो दोन गड्यांच्या खांद्यावरून, बांबूला बांधून, भर वेशीतून फिरवून नेला. स्वतः काठी टेकत मागे चालला. वाटेत कोणी विचारले की थांबून सांगायचा, "काय करता! गावाची भांडी कोणाले सांभायता येत नाहीत. पोरीचं लगन हाये, म्हणून घरचा देऊन राह्यलो." गंज मांडवात पोहोचण्याआधी ही बातमी पोहोचली होती.

कढीला उकळी येईतो दोन वाजून गेले. भात केव्हाच थंड झाला होता. पत्रावळी मांडून ठेवलेल्या, त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा. मांडवाचे आच्छादन विरळ होते आणि अर्धी पंगत उन्हात बसली होती. मुले रडत होती. शेवटी वरपिता पत्रावळीवरून उठला.

"आमी जेवाले आलो का उन्हात वायाले?" त्याचा आवाज चुलीपर्यंत गेला. "ज्या घराले एक पंगत वेयेवर बसोता येत नाही, त्या घरची पोरगी आमच्या घरी काय उजेड पाडन? गाड्या जुंपा रे!"

मुलीचा बाप चुलीपासून धावत आला. धुराने डोळे लाल झालेले. त्याने डोक्यावरचा पटका काढला, दोन्ही हातांवर घेतला आणि वरपित्याच्या पायांशी वाकला.

"चूक झाली, इवाईबुवा. माह्याच हातून झाली. पोरीले बोल लावू नका."

त्याची काहीही चूक नव्हती. त्याने भांडे मागितले होते, दुसरे काही केले नव्हते. ज्याची चूक होती तो पहिल्या ओळीत, सर्वांआधी मांडलेल्या पाटावर बसला होता. शेजारी गुरव. त्याच्या पलीकडे सकाळी ओट्यावर हसलेली माणसे. मी जमीनदाराकडे पाहिले. तो पत्रावळीवरचे मीठ बोटाने एका कोपऱ्यात सारत होता. एवढ्या माणसांत एकाचेही तोंड उघडले नाही. माझे मी सकाळी गंजाच्या बदल्यात देऊन बसलो होतो. मी नाव घेतले नसते तरी त्याने स्वतः घ्यायला कोणाची हरकत होती?

मी पुढे झालो. "पटका डोक्यावर ठेव," असे शेजाऱ्याला म्हटले आणि वरपित्याकडे वळलो.

"गावाच्या भांड्यायची किल्ली माह्यापाशी असते. भांडं वेयेवर भेटलं नाही, ते माह्या खोलीतून. बोलाचं असन तं मले बोला."

"तुमी कोण?"

"शेजारी."

"मंग शेजाऱ्यावानी राहा. किल्ली झेपत नसन तं सोडून द्या. कायले लोकायच्या पोरीच्या लग्नात हात घालता?"

"हे मातर इवाईबुवा लाख बोलले," जमीनदार पाटावरून म्हणाला. पंगत हसली. गुरवही हसला. हसण्याने वरपित्याचा राग उतरला आणि तो पुन्हा बसला. वाढायला सुरुवात झाली.

कढी चांगली झाली होती. वरपित्याने दोनदा मागून घेतली. गंज कोणाच्या घरचा हे त्याला कळले तेव्हा त्याने खरकट्या हातानेच जमीनदाराला नमस्कार केला. "अशी माणसं हायेत म्हणून गावं चालतात," तो म्हणाला. जमीनदाराने मान लववली आणि त्याच्या पत्रावळीवर आणखी भात वाढायला सांगितले.

पुढे ही गोष्ट गावात तशीच रुजली. त्या साली किल्लीवाल्याने गंज नासवला आणि जमीनदाराने लाज राखली. काही वर्षांनी घरात आलेल्या माझ्या सुनेनेही पाणवठ्यावर हेच ऐकले आणि घरी येऊन मला विचारले. किल्ली माझ्याकडे होती, एवढेच मी तिला सांगितले. ते खरे होते. खोलीत ठेवलेल्या वस्तूचे उत्तर किल्ली असलेल्याने द्यावे, मग वस्तू कोणीही बिघडवलेली असो, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपण होऊन कबूल केले असते तर जमीनदाराचे काय जाणार होते? त्याची जमीन गेली नसती, पाट गेला नसता. खीर करपली, गड्याने खुरपे लावले, कल्हई करायची राहून गेली. माणसांकडून असे होते. पंगतीने चार घटका नावे ठेवली असती आणि कढी वाढून घेतली असती. पण त्या माणसाला 'चूक झाली' हे एक वाक्य गंजापेक्षा जड होते. आणि ज्या गरिबाकडे सांगण्यासारखी कुठलीच चूक नव्हती, त्याच्या तोंडून ते इतक्या चटकन निघाले की जणू त्याने ते पोर जन्मली तेव्हापासून पाठ करून ठेवले होते.

पंगती उठल्यावर जमीनदाराचा गंज मी विहिरीवर नेला. राख आणि काथ्या घेऊन स्वतः घासला. गडी पुढे आले, त्यांना हात लावू दिला नाही. ऊन असतानाच त्याच्या अंगणात नेऊन ठेवला आणि त्याला बाहेर बोलावले.

"आत पाहून घ्या."

"राहू द्या हो. तुमच्यावर इस्वास नाही काय?"

"पाहून घ्या."

तो वाकला. पाहिले. "ठीक हाये."

"खुरपं लागलं नाही," मी म्हणालो.

घरात जाताना तो गड्यावर उगाच ओरडला.

लग्न मुहूर्तावर लागले. अक्षता टाकून मी मांडवाच्या कडेने निघालो. मुलीच्या बापाने मला गाठले. "दादा, तुमी आज..."

"पाहुण्यांकडे पाहा," मी म्हणालो. तो गेला.

कथील शेलूबाजारला नव्हते, मंगरूळपीरला नव्हते. वाशीमला एखाद्या बोहऱ्याच्या दुकानात जुनी कांडी असेल तर पाहायचे, असे ठरवले. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक लग्न होते आणि त्यांनीही हीच भांडी मागितली होती. मी देवळामागची खोली उघडली, गावचा गंज बाहेर काढला आणि गाडीत चढवला. दोरीने दोन्ही कड्यांतून आवळून बांधला. मग गाडीखाली वाकून दोन्ही चाकांच्या आखांना वंगण घातले.