गणपतचा बांध

गणपत गेल्याचं मला त्याच्या मुलाच्या पोस्टकार्डावरून कळलं, तेही दहावा होऊन गेल्यावर. कार्ड हातात धरून बसलो, तर रडू येण्याआधी मनात आला तो एक जुना प्रश्न. मी त्याला जन्मभरात वीसेक वेळा तरी विचारला असेल : अरे, त्या दिवशी तू पुढे का गेला नाहीस?

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. तळेगावातलं आमचं कॉलेज इतकं लहान, की खेळाडू मिळून सातजण. तेच पळायचे, तेच हुतूतू खेळायचे. मैदान नव्हतं, म्हणून पळण्याचा सराव जवळच्या आंबी गावात, गणपतच्या घरच्या भातखाचरांच्या बांधांवर. बांध जेमतेम पाऊलभर रुंद. तिथला रिवाज असा, की मागच्यानं "वाट!" म्हणायचं आणि पुढच्यानं खाचरात उतरून त्याला जाऊ द्यायचं. न विचारता पुढे घुसणं म्हणजे माणसाला चिखलात लोटणं; ते गावात कोणी करत नसे.

त्या वर्षी प्रिन्सिपॉलांनी बजावलं होतं, इंटरकॉलेजिएट शर्यतीत पहिल्या तिघांत कोणी आलं नाही, तर यापुढे पुण्याला संघ जाणार नाही. मी पहिल्याच मैलात दमून बसलो, सगळी भिस्त गणपतवर. शेवटच्या फेरीत तो चौथा होता, दम भरपूर शिल्लक, तिसऱ्याच्या अगदी पाठीला लागलेला. आणि ओरडला, "वाट!" पुढचा पुण्याचा मुलगा, त्याला काय कळणार? गणपत पुन्हा ओरडला, पुन्हा... आणि दोन्ही अंगांना एवढं मैदान मोकळं असताना त्याच्या मागेच पळत चौथा आला. परतीच्या गाडीत मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू आमचा संघ बुडवलास."

"त्यो बाजूला झालाच न्हाई, तर मी काय करू?" तो म्हणाला. बाकीचे हसले.

संघ बंद झाला तो कायमचाच. आमची मैत्री टिकली, पण भेटी व्हायच्या त्या तळेगावच्या बाजारात. आंबीला मी फिरकलो नाही. तो प्रश्न काढला की गणपत दरवेळी निराळं उत्तर द्यायचा. पायात गोळा आला होता, ऊन डोळ्यांवर होतं... मला ती थट्टाच वाटे.

गेल्या आठवड्यात गणपतच्या घरच्यांना भेटायला आंबीला गेलो. निघताना वहिनी बांधापर्यंत सोडायला आल्या. बांध तसाच अरुंद. पण दर वीस-पंचवीस पावलांवर एका अंगाला दगड लावून, माती टाकून, माणूस उभा राहील एवढी जागा केलेली. हे कधी केलं, मी विचारलं.

"लय जुनं हाय, भावजी. तवा आमचं नुकतंच लगीन झालतं. पुण्याची शर्यत हरून आले, आन् दुसऱ्या दिशी कुदळ घिऊन हितंच. दरसाल नीट करायचे. म्हनायचे, दोस्त पुन्हा पळाया आला, तर कुनी अडाया नको."

गाडीतल्या त्या एका वाक्याची माफी मी कधीच मागितली नव्हती. फार लाज वाटली. वहिनी माघारी वळल्या, मी चालू लागलो. पहिलीच रुंद जागा आली तशी बाजूला होऊन उभा राहिलो. मागे कोणी नव्हतं.