तीन तुकड्यांचं पुस्तक

आमच्या नवागामच्या वाचक मंडळाचे किस्से शिंप्याकडच्या चिंध्यांसारखे. फेकवत नाहीत आणि साठता साठता गोधडीपुरते होतात. मी शिंपीच आहे म्हणा! दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो. वाचणारे तिघं, ऐकणारे चार-पाच. पुस्तकं फक्त विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची. संसाराच्या कथा घरी पुरेशा आहेत, असं दगाजी आप्पांचं म्हणणं. आप्पा शिरपूरकडचे, उभा जन्म कापडाच्या लूमवर गेलेला. मंडळ त्यांनीच काढलं.

आता आप्पा नाहीत.

*

मंडळाची पद्धत अशी, की परीक्षण तोंडी करायचं आणि गुण खाण्यात द्यायचे. साधं पुस्तक चहा, बरं असेल तर चहा-खारी, उत्तमाला लोचो, म्हणजे इकडचा शेव घातलेला मऊ ढोकळा. नियम एकच, शेवट सांगायचा नाही.

गजानन आमचा अकोल्याचा सेंट्रिंगवाला. एकदा भरात येऊन त्याने राजकन्याच चेटकीण निघते हे सांगून टाकलं. आप्पा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "माणूस मेला तर चालेल, पुस्तक मारू नये," म्हणाले. तेव्हा आम्ही हसलो होतो. आज ते वाक्य आठवलं की नको वाटतं.

*

आवाजच नसलेल्या एका ग्रहाची कादंबरी होती. आम्ही सगळे वाचून घाबरलो. लूमच्या खडखडाटाने आप्पांचे कान कधीच गेले होते, म्हणून त्यांचं परीक्षण नेहमी ओरडून व्हायचं. त्या दिवशी समोरचा पानवालासुद्धा ऐकत होता.

"यात भ्यायचं काय? हा लेखक लूमखात्यात उभा राहिलेला नाही. मी तर त्या ग्रहावर उद्या जाईन!"

*

प्रत एकच आणि आप्पा, गजानन नि मी, तिघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या. म्हणून मी पुस्तकाचे तीन तुकडे करायचो आणि प्रत्येक तुकड्याला साडीच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवायचो. पहिला लाल, दुसरा पिवळा, तिसरा हिरवा. एकदा माझी रंगांत गफलत झाली आणि गजाननने तिसरा तुकडा आधी वाचला, पहिला शेवटी.

"लय भारी पुस्तक. म्हातारा हळूहळू लेकरू होते!" म्हणत त्याने लोचो दिला. त्याचा आनंद बघून आप्पांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. गजाननला अजून खरं माहीत नाही.

*

शेवटचं पुस्तक कामरेजच्या रद्दीवाल्याकडे मिळालं होतं. एक माणूस यानात बसून ताऱ्यांपलीकडे जातो, बायको इकडे वाट बघते. शेवटाचा हिरवा तुकडा आम्हा दोघांच्या हाती यायच्या आधी, आप्पांकडे असतानाच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. बापाचं पुस्तकांचं वेड मुलांना ठाऊक होतं. त्यांनी उशाजवळचा तो तुकडा तिरडीवर ठेवला. तो आप्पांबरोबरच जळला.

दुसरी प्रत आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पार नाशिकपर्यंत विचारली. कुठेच नाही. वाईट आप्पांचं वाटतंय की त्या पुस्तकाचं, हे वेगळं करता येईना.

महिन्याभराने एका रविवारी आप्पांच्या पत्नी, जिजामावशी, दुकानात आल्या. त्यांना अक्षरओळख नाही. आप्पांची खुर्ची रिकामी होती, पण त्या खाली चटईवर बसल्या. आप्पा रोज जेवण झालं की तो तुकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणाल्या. अगदी शेवटच्या पानापर्यंत.

"ह्या पुस्तकले लोचो देवाना, आसं सांगेल व्हतं तेस्नी."

आम्ही सगळे पुढे सरकलो. गजाननला राहवलं नाही.

"मावशी, मंग सांगा ना. तो वापस येते का?"

मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

"शेवट सांगाना नही, आसा तेस्ना नियम शे."