रमेईमावशीच्या शेजारची खुर्ची

बार्सेलोनात आमच्या बार्सेलोनेता वस्तीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसं घरातल्या खुर्च्या गल्लीत आणून बसतात. घरं इवलीशी, वारा मात्र समुद्रावरून फुकट येतो. प्रत्येकाची जागा ठरलेली. माझी रमेईमावशी दाराच्या डावीकडे आणि तिच्या शेजारी समोरच्या घरातली नेउस. नेउस गेली त्याला बरीच वर्षं झाली. म्हणजे वर नव्हे, आतल्या डोंगराळ गावात मुलीकडे. तरी मावशी रोज दोन खुर्च्या बाहेर काढते. दुसरी कुणासाठी, असं विचारायची सोय नाही. "तुझ्या बापासाठी," असं उत्तर मिळतं.

ऑलिंपिक आमच्या शहरात भरणार ही बातमी आली, तेव्हा या दोघी गल्लीत नाचल्या होत्या. तोवर आमचं शहर समुद्राकडे पाठ करून बसलेलं. किनाऱ्यावर कारखान्यांची घाण, आणि परदेशात शहराचं नाव सांगावं तर समोरच्याचा चेहरा कोरा. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात सगळं पालटलं. स्वच्छ वाळू आली, जगभरच्या टीव्हीवर आमचं निळं पाणी झळकलं. गल्लीत वाट चुकलेल्या कोरियन, फिनिश पोरांना या दोघी धरून बसवायच्या आणि भाजलेले सार्डिन मासे खाऊ घालायच्या. भाषेची अडचण आली की नुसता आवाज वाढवायच्या.

"बघ, जग आपल्या दारात आलंय," नेउस म्हणायची. तो उन्हाळा आयुष्यातला सगळ्यात सुंदर, असं मावशी आजही म्हणते. मलाही तो आठवला की गलबलून येतं.

पण दारात आलेलं जग परत काही गेलं नाही. शहराचं नाव झालं तसे घरांचे भाव आभाळाला टेकले. मावशीचं घर स्वतःचं, म्हणून ती टिकली. नेउस भाडेकरू, मालकानं इमारत विकली आणि तिच्या घरात पर्यटक राहू लागले. गल्लीतल्या खुर्च्या एकेक करत कमी झाल्या. आता एखादा पाहुणा येऊन नेउसच्या जागी बसतो आणि कॉफी मागतो. मावशी त्याला आपल्या भाषेत असं काही ऐकवते की मला मध्ये पडून माफी मागावी लागते.

नेउसनं परत यावं, हा एकच ध्यास मावशीनं घेतला होता. दर रविवारी फोनवर तेच. "ये की गं, मेले. माझ्याच खोलीत तुझी गादी टाकू."

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. चाकांची बॅग खडखडत आली आणि मावशीचं डोकं फिरलं. मान वर न करताच ती ओरडली, "उचल ती बॅग! माणसं राहतात इथे!"

"उचलली असती, पण कंबर कुठे राहिलीय?"

नेउसच होती. तिच्या नातीनं वाढदिवसाला आजीचंच जुनं घर दोन रात्रींसाठी भाड्यानं घेऊन दिलं होतं. मावशी आधी हसली, मग रडली, मग कळवलं नाही म्हणून तिनं नेउसच्या दंडावर एक चापट मारली.

"घर कसं केलंय गं?" तिनं विचारलं.

"चकाचक. भिंतीवर आपल्या गल्लीचा हा एवढा फोटो. 'अस्सल बार्सेलोना' म्हणे."

"आपण आहोत त्यात?"

"नाही. नुसत्या खुर्च्या आहेत."

दुसऱ्या संध्याकाळी मावशीनं तिचा हात धरला. "जाऊ नकोस. उद्या बॅग माझ्याकडे आण."

नेउस गल्लीकडे बघत राहिली. अनोळखी माणसं आमच्याकडे बघून हसत पुढे जात होती.

"इथे आता मी कुणाला ओळखते, रमेई? एका तुला. आपल्यातली एक आधी जाणार. मग उरेल तिनं कुणाशी बोलायचं? त्यापेक्षा तूच चल. तिथेही आम्ही बायका संध्याकाळी दारात बसतो."

"आणि समुद्र?"

"समुद्र नाही."

मावशीनं गल्लीच्या टोकाकडे, समुद्राच्या बाजूला पाहिलं. हात मात्र तिनं सोडला नाही.

"सकाळी स्टेशनापर्यंत येते तुला सोडायला," ती म्हणाली.