पहिलं ‘नको’

ऐंशीच्या दशकात शिकागोला शिकायला आलो आणि सुरुवातीला मी निव्वळ सभ्यपणापायी उपाशी राहिलो. कुणी खायला विचारलं की तोंडातून आपोआप “नो, नो” निघायचं. आपल्याकडे त्यानंतर आग्रह होतो. इथे समोरचा “ओके” म्हणून निवांत डबा बंद करायचा!

एक इटालियन म्हातारी मला दर शनिवारी लाँड्रीत दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. मशीनवर काडीचा विश्वास नसल्यासारखी प्रत्येक धुतलेली चादर ती उजेडात धरून बघायची. एकदा तिने पिशवीतून तळलेली वांगी भरलेला पाव काढला.

“खा.”

“नो, थँक यू.”

“थोडासा.”

“नो, रिअली.”

तिने सरळ पाव मोडला आणि मोठा तुकडा माझ्या हातात कोंबला.

“आमच्या गावात पहिलं ‘नाही’ कुणी धरत नाही,” ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. “इथे आल्यावर मीसुद्धा अशीच उपाशी राहिले होते.”

पुढच्या शनिवारी तिने पिशवीत हात घातला, आणि मी कितीतरी दिवसांनी अगदी निर्धास्तपणे, चक्क मराठीत म्हणालो, “नको, नको!”