मशीनच नाही म्हणते

धाड गावातल्या त्या बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, की शेठ आधी कॉम्प्युटर बंद करायचा आणि मॉनिटर दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे वळवायचा. "पाह्य बाप्पा. मशीनच नाही म्हणते. मी काय करू?"

काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत एक इंग्रजी ओळ असायची. तिचा अर्थ एवढाच, की आता बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. शेठ मात्र तिच्यावरून बोट फिरवून वाचायचा, "माल खतम." बीटी कपाशी नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. एकेका वाणासाठी माणसं सकाळपासून रांगेत उभी असायची आणि त्याच वाणाच्या बॅगा मागच्या खोलीत पोत्यांआड पडलेल्या असायच्या. मागच्या दारानं येणाऱ्याला त्या चढ्या भावानं मिळायच्या. पुढून येणाऱ्याला मशीन.

मी बुलढाण्याहून कॉम्प्युटर दुरुस्तीला फिरायचो. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण इतका भिकार लबाड मी तरी दुसरा पाहिला नाही. "चहा घेशीन ना बे?" असं दर वेळी विचारायचा आणि चहा काही कधी यायचा नाही. गणपतीची वर्गणी मागायला कोणी आलं तरी हा मॉनिटरच वळवायचा! कोडगेपणाला काही सीमा?

एकदा शेठ खामगावला गेला असताना शेठाणींचा फोन आला. दुपारी दुकानात त्या बसत.

"भाऊ, हे मशीन आपल्या मनानं बंदच होत नाही. बटन दाबाले गेली की झटका बसन असं वाटते मले."

गेलो. बिघाड असा काही नव्हताच, सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण करायची राहिली होती. ती केली आणि बंद करून दाखवलं. ओळ न येता मशीन आपोआप गप्प झालं. मग ते पुन्हा चालू करून ठेवलं. शेठाणी खूश. त्या दुकानातला पहिला चहा मला त्यांनी पाजला.

चहा पितोय तोच शेठ परतला आणि त्याच्या मागोमाग गिऱ्हाइकं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, जमीन पेरणीजोगी झाली होती. पुढं एक बाई होती. आधीही दोनदा तिला मशीन दाखवून परत पाठवलेलं.

"शेठ, दोन बॅगा द्या. वापसा आला. आता सरकी टोबली नाही तं वावर तसंच राह्यते."

शेठनं खुर्चीवर बसून मशीन बंद केलं आणि सवयीनं मॉनिटर वळवला. "पाह्य माय. मशीनच..."

पडदा काळा कुळकुळीत. बाई वाकून पाहू लागली. "हे तं काहीच नाही म्हणत."

शेठनं मॉनिटरला दोन थापट्या मारल्या. माझ्याकडे पाहिलं. मी कप तोंडाला लावला.

"मंग तुमीच सांगा," बाई म्हणाली. "हाय का नाही?"

नाही म्हणायला असा किती वेळ लागतो? मी तर त्याचीच वाट पाहत होतो. पण त्याला ते म्हणता येईना. ओठ हलले, कपाळाला घाम आला, नजर काही वर होईना. शेवटी उठला, मागच्या खोलीत गेला आणि दोन बॅगा आणून छापील भावानं तिला दिल्या. मग रांगेतल्या प्रत्येकानं तेच विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत मागची खोली रिकामी. मला इतका आनंद झाला, की एसटीत मी एकटाच हसत होतो.

त्याच आठवड्यात शेठ सीपीयू काखोटीला मारून बुलढाण्याला माझ्या दुकानात हजर. "याले पयल्यासारखं करून दे."

"काऊन शेठ? चांगलं तं बंद होऊन राह्यलं."

तो हळूच म्हणाला, "मले तोंडानं नाही म्हणता येत नाही बे. लहानपणापासूनच."

कीव आली मला, खरं सांगतो. एवढा लबाड, आणि लबाडीला लागतं ते काळीजच त्याच्याजवळ नव्हतं! पण करून दिलं नाही. तोंडावर नाही म्हटलं. सीपीयू उचलून तो उन्हातून एसटी स्टँडकडे चालता झाला.

पुढच्या हंगामात गेलो तेव्हा शेठ दुकानात नव्हता. घरीच बसतो म्हणे. त्याच्या जागी भाचा बसला होता. कॉम्प्युटर कोपऱ्यात सारून त्यावर त्यानं रिकामे खोके रचले होते, आणि मागच्या खोलीत बॅगांची थप्पी मला बसल्या जागेवरून दिसत होती. तेवढ्यात तीच बाई आली.

"हाय का हो बियाणं?"

"नाही," भाचा तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला.